घोट्याच्या खाली

बाबा : थांबलीस का? चाल, चाल. आवाज थांबला की वरून घंटा वाजेल आणि कारभारी खाली येऊन उभे राहतील.

मुलगी : चालतेय की. चालता चालताच सांगते. बाराची बस आहे आणि मी जाणार आहे.

बाबा : वळ. भिंत आली.

मुलगी : दिसते मला भिंत. एकोणीस वर्षं बघतेय, तीच आहे. बाबा, मी काय म्हणाले ते ऐकलंत का?

बाबा : ऐकलं. बस रोज असते. डाव्या पायावर तुझा भार कमी पडतोय. असा एकाच अंगानं मऊ झालेला जोडा घातला की छोट्या बाईसाहेब स्वतःच्या लग्नात चार लोकांसमोर लंगडतील. मग नाव कुणाचं खराब होईल?

मुलगी : त्यांचं.

बाबा : आपलं! आपल्या घराण्याचं!

मुलगी : बस रोज असते, पण प्रवेश रोज मिळत नाही. आज संध्याकाळी पाचच्या आत मोजणीच्या शाळेत हजर झाले नाही, तर माझी जागा दुसऱ्याला देणार आहेत. पत्रात लिहिलंय. जाड अक्षरात.

बाबा : मोजणीची शाळा म्हणे! काय करतात तिथे?

मुलगी : चौथ्यांदा सांगते. जमीन मोजायला शिकवतात. साखळी घ्यायची, खुणा रोवायच्या, डोंगर, शेतं, ओढे, सगळं चालत जाऊन मोजायचं आणि नकाशा काढायचा. दोन वर्षांनी नोकरी.

बाबा : म्हणजे चालायचंच ना?

मुलगी : हो.

बाबा : मग इथे काय कमी चालतेस?

मुलगी : इथे मी रोज दहा-दहा मैल चालते बाबा, आणि जेवायच्या वेळी बघते तर त्याच खोलीत!

बाबा : खोलीत चालतो म्हणूनच आपल्याला किंमत आहे. बाहेर काय, कुणीही सोम्यागोम्या चालतो. बूट मऊ तर झाला पाहिजे, पण तळाला धुळीचा कण लागता कामा नये. पुसलेल्या लाकडी जमिनीवरचं काम आहे हे. सगळ्या गावात किती जणांना येतं सांग.

मुलगी : दोघांना. तुम्हाला आणि मला. बाकीच्यांना दुसरी कामं येतात.

बाबा : जीभ मात्र तुझ्या आईची. पाय माझा आणि जीभ तिची. कुठे आहे ती? सकाळपासून दिसली नाही.

मुलगी : स्टँडवर. माझी ट्रंक घेऊन उजाडायच्या आत गेलीये. बसची खिडकी धरून ठेवते म्हणाली.

बाबा : बस बाराची आणि ही उजाडायच्या आत गेली?

मुलगी : ती म्हणाली, घरात थांबले तर तुझ्या बापाकडे बघून माझं मन विरघळेल. त्यापेक्षा स्टँडवर बसते.

बाबा : विरघळायला काय झालं? मी काय रडतोय? चाल. चवडा नीट टेक.

मुलगी : तिचं बरं आहे. तिचा पाय आठ नंबरचा आणि पसरट. मोठ्या घरात कुणाच्याच मापाचा नाही. म्हणून ती हवी तिथे जाते. बाजारात जाते, नळावर भांडते, एकदा तर समुद्रापर्यंत जाऊन आली! आणि आपण दोघं पाय जपत बसतो. शाळेत मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेलं, कॅरिअरवरच परत आणलं. खेळाच्या तासाला मी बाकावर. मुली विचारायच्या, हिला काय झालंय? तर बाई सांगायच्या, काही झालेलं नाही, हिचा पाय दुसऱ्यांचा आहे.

बाबा : दुसऱ्यांचा नाही. मोठ्या घरचा. किती मानानं सांगितलं असेल बाईंनी! तुझे आजोबा कोळशाची पोती टाकायला आले होते या घरात. अनवाणी. फरशी नुकतीच धुतलेली...

मुलगी : ...आणि ओल्या फरशीवर आजोबांचं पाऊल उमटलं. शेजारीच थोरल्या साहेबांचं, म्हणजे आताच्या मोठ्या साहेबांच्या वडिलांचं, ओलं पाऊल. साहेबांनी बघितलं, दोन्ही अगदी सारखी. साहेब म्हणाले, हा पाय आपल्याकडेच राहू द्या. बाबा, पाठ आहे मला.

बाबा : पाठ आहे, पण उतरलं नाही अजून डोक्यात. त्या दिवशी पाऊल बोटभर इकडेतिकडे झालं असतं ना, तर आज तू कोळसा फोडत असतीस.

मुलगी : आणि बोटभर इकडेतिकडे झालं असतं तर कदाचित मी आधीच मोजणीदार झाले असते.

बाबा : अर्जात वडिलांचा व्यवसाय विचारला असेल. काय लिहिलंस?

मुलगी : जे आहे ते. श्रीमंतांचे नवे बूट आधी आपण घालून, चालून, मऊ करून देणे.

बाबा : असं उघडं लिहिलंस? अगं, जरा वजनदार लिहायचं! ‘पादत्राणतज्ज्ञ’ लिहायचं!

मुलगी : त्यांनी पुढे विचारलं होतं, या कामामुळे अंगात काही व्यंग आलं आहे का.

बाबा : मग? ‘नाही’ लिहिलंस ना?

मुलगी : ‘हो’ लिहिलं. उजवी करंगळी.

बाबा : ते व्यंग आहे? ती तुझी करंगळी म्हणजे माझ्या हातची कमाई आहे! छोट्या बाईसाहेबांची करंगळी जन्मापासून आत वळलेली. तुझी मेली सरळसोट. दोन वर्षं पट्टी बांधली तेव्हा कुठे जुळली. डॉक्टरलासुद्धा जमलं नसतं.

मुलगी : डॉक्टरनं केलंच नसतं, बाबा.

बाबा : आता पुन्हा का थांबलीस?

मुलगी : कारण आता जे सांगणार आहे ते उभं राहून सांगायचंय. माझा पाय बिघडलाय.

बाबा : काय?

मुलगी : बिघडवला. मुद्दाम. रोज दुपारी मोठं घर झोपलं की तुम्हीही डुलकी काढता ना? वर्षभर त्या वेळी मी बाहेर जातेय. वीटभट्टीच्या रस्त्यावर. खडीवर. अनवाणी.

बाबा : रस्त्यावर? पायानं?

मुलगी : मग काय हातानं?

बाबा : अगं कार्टे! खडीवर? तो पाय... त्या पायाला मी कधी ऊन लागू दिलं नाही गं! आंघोळीला कोमट पाणी, थंडीत तुझ्या आईच्या शालीत गुंडाळून... आणि तू खडीवर?

मुलगी : पसरलाय आता तो. मला जाणवतंय. हे जोडे मला चावायला लागलेत. पाय मापात नाही म्हटल्यावर कुणी मला अडवू शकत नाही. बघा हवं तर. आणा ती माप घ्यायची फळी.

बाबा : वाजली! वाजली घंटा! तुझ्या नादात मीही थांबलो. चाल आता! नाही, तू बस, पाय झाक! नाही, तू चाल, मी बसतो! अरे देवा, आलेच.

कारभारी : येऊ का? आलोच. नमस्कार. घंटा वाजली म्हणून नाही आलो, येणारच होतो. हे चौदा खोके कुठे ठेवू?

बाबा : चौदा?

कारभारी : लग्नाचे. सकाळचा, दुपारचा, नाचायचा, बसायचा, फोटोचा, आणि हा एक रडायचा. पाठवणीच्या वेळी बाईसाहेब रडणार आहेत, त्या वेळी पायाला काही टोचलं तर रडणं मनासारखं होणार नाही. तीन आठवडे आहेत. पाय कसा आहे?

मुलगी : मी बरी आहे.

कारभारी : तुला नाही विचारलं, पायाला विचारलं. रात्री झोप लागली ना नीट त्याला? जेवला?

बाबा : उत्तम आहे हो. जरा... जरा वाऱ्यावर आहे, इतकंच. वय आहे ना.

मुलगी : कारभारी, मी आज बाराच्या बसनं जाणार आहे. शिकायला. दोन वर्षं.

कारभारी : वा! अभिनंदन. शिकलंच पाहिजे. मी नेहमी म्हणतो, गरिबाच्या मुलीनं शिकलं पाहिजे. जा जरूर.

मुलगी : खरंच?

कारभारी : मोठ्या घराची कुठल्याही शिक्षणाला हरकत नाही. त्याचं असं आहे, आपल्या करारात स्पष्ट लिहिलेलं आहे. मोठ्या घराचा हक्क घोट्याच्या खाली. घोट्याच्या वर तू पूर्ण स्वतंत्र आहेस. लग्न कर, शिक, सभेत भाषणं दे, आमच्याविरुद्ध बोल. फक्त पाय इथे पाहिजे.

मुलगी : आणि मी?

कारभारी : तू जा की.

मुलगी : पायाशिवाय कशी जाऊ?

कारभारी : ते मी कसं सांगणार? तो घोट्याच्या वरचा प्रश्न झाला.

बाबा : बघ, किती मोकळ्या मनाचे आहेत. तूच ताणून धरतेस.

मुलगी : बाबा!

कारभारी : रागावू नकोस. मार्ग काढू. ती शाळाच इथे आणू. एक मास्तर रोज येतील, त्या कोपऱ्यात खुर्ची टाकू. ते शिकवतील, तू चालत राहा. पुस्तकं मोठ्या घराकडून. काय शिकायचंय म्हणालीस?

मुलगी : जमिनीची मोजणी.

कारभारी : उत्तम! ही खोली मोज.

मुलगी : बारा पावलं लांब, सात पावलं रुंद. झालं शिक्षण.

कारभारी : मग दुसऱ्या वर्षी पुन्हा मोज.

बाबा : अगं, मास्तर घरी येणार म्हणतायत! आपल्या सात पिढ्यांत कुणाच्या घरी मास्तर आला होता? हो म्हण. आईला मी जाऊन आणतो स्टँडवरून. म्हणजे, निरोप पाठवतो.

मुलगी : तुम्हाला खरंच पटतंय हे?

बाबा : पोरी, मला काय वाटतं याला कोण विचारतंय! पण आपलंही काही देणं लागतं ना गं? या छपराखाली वाढलीस. आणि काम हलकं नाही आपलं. मोठे साहेब गेल्या वर्षी डोंगर चढून आले या वयात. कुणाच्या जिवावर? ही टाच! ही! आधी महिनाभर मी चाललो होतो त्या बुटात. त्यांना एक फोड आला नाही. कारभाऱ्यांना विचार. आले होते ना सांगायला?

कारभारी : आलो होतो.

बाबा : त्याच्या आधीच्या वर्षी समुद्रकिनारी रोज पहाटे फिरत होते. कातडी चपला. त्यांचा पट्टा माझ्या पायावर मऊ झाला. मी समुद्र बघितला नाही, पण माझ्या चपला जाऊन आल्या. सांगा ना हिला.

कारभारी : ते राहू द्या आता. मुली, इकडे ये. म्हणजे चालत चालत ये, थांबू नकोस. तुला एक गोष्ट सांगतो. वरच्या मजल्यावर ठाऊक आहे, खाली कुणाला सांगायची नाही असा हुकूम आहे. पण तू जायचं म्हणतेस म्हणून सांगतो. ही खोली कुणाच्या खोलीखाली आहे?

मुलगी : मोठ्या साहेबांच्या.

कारभारी : मोठे साहेब सहा वर्षं अंथरुणाला खिळून आहेत. कमरेखाली काही कळत नाही त्यांना.

बाबा : कोण?

कारभारी : मोठे साहेब. दिवसभर डोळे मिटून पडलेले असतात आणि खालून पावलांचा आवाज येतो. तुमचा जड, हिचा हलका. त्यांना वाटतं, आपण चालतोय. आणि शेजारून नात चालतेय. दोघं फिरायला निघालोत. कधी कधी बोलतातसुद्धा तिच्याशी. हळू चाल गं, म्हणतात. आवाज थांबला की घाबरतात, घंटा ओढतात. डॉक्टर म्हणाले, आवाज बंद पडता कामा नये.

बाबा : सहा वर्षं?

मुलगी : आणि नात कुठे असते?

कारभारी : छोट्या बाईसाहेब? त्या असतात कुठे कुठे. शिकतात, फिरतात. आता बर्फात घसरण्याचं काहीतरी शिकतायत. त्यांना यायला सवड होत नाही. लग्नाला येणार आहेत.

मुलगी : म्हणजे एकोणीस वर्षांची ती, एकोणीस वर्षांची मी. ती बर्फात घसरणार, आणि तिच्या आजोबांजवळ तिच्या वाटचं मी चालणार?

कारभारी : इतक्या थोडक्यात मला सांगता आलं नसतं. हो. आता बोल. म्हातारं माणूस आहे. जाशील सोडून?

बाबा : कारभारी, मग तो डोंगर?

कारभारी : तो मी सांगितला.

बाबा : आणि समुद्र?

कारभारी : तोही मीच. तुम्ही एवढ्या आशेनं विचारायचात, कसा झाला बूट, चावला का, कुठे गेले होते साहेब. रिकाम्या हातानं कसं परत पाठवायचं? एकदा तर मी तुम्हाला राजदरबारसुद्धा सांगितला होता.

बाबा : हो. त्या काळ्या चकचकीत बुटात. मला चार रात्री झोप आली नव्हती आनंदानं. कुठे आहेत ते बूट?

कारभारी : कपाटात. सगळे ओळीनं. दर आठवड्याला पुसतो.

बाबा : एकदाही घातले नाहीत?

कारभारी : कसे घालतील?

मुलगी : बाबा, बसा तुम्ही. बसा जरा.

बाबा : नको. बसलो तर घंटा वाजेल.

मुलगी : वाजू द्या हो घंटा!

बाबा : नको. म्हातारा माणूस घाबरतो म्हणतायत ना. त्याची काय चूक? मी चालतो. कारभारी, सहा वर्षं मी कुणाला नेत होतो हो? मला वाटत होतं मी बुटांना वळण लावतोय.

कारभारी : तुमच्या कामाबद्दल कुणाचीही तक्रार नाही. उलट वर म्हणतात, असा माणूस मिळणार नाही. बरं, मुली, ठरलं ना मग? मास्तर सोमवारपासून. मी चौदाही खोके इथेच ठेवतो.

मुलगी : नाही ठरलं. माझा पाय मापात नाही. मी वर्षभर खडीवर चालून तो पसरवलाय. तुमच्या करारात असंही लिहिलंय ना, की माप बदललं तर पाय बाद?

कारभारी : लिहिलंय. अर्ध्या बोटाच्या वर बदललं तर. पण असं नुसतं म्हणून चालत नाही. माप घ्यावं लागेल. माझ्यासमोर.

मुलगी : घ्या.

कारभारी : मी कसा घेणार? मी वाकत नाही. मोठ्या घरचा माणूस नोकराच्या पायाशी वाकला तर वर काय म्हणतील? तुझे वडील घेतील. तीस वर्षं त्यांचाच शब्द धरतो आम्ही.

मुलगी : बाबा, घ्या माप. हा एक बूट काढला. हा पाय. आणि खरं ते सांगा. मी काही म्हणणार नाही.

बाबा : थांब, फळी पुसतो. टाच इथे. मागे घे, आणखी. बोटं सोड. अशी आवळू नकोस, मला कळतं आवळलेलं. हं. हलू नकोस आता.

(फळीवरचा लाकडी ठोकळा सरकत येतो आणि अंगठ्याला टेकून थांबतो. वरून घंटा वाजते. कुणीही चालत नाही.)

कारभारी : किती?

बाबा : पाऊण बोट.

कारभारी : पाऊण बोट काय?

बाबा : वाढलाय. रुंदीलाही पसरलाय. चवडा बघा, नुसता पाटासारखा झालाय. बाद आहे हा पाय.

मुलगी : बाद? बाबा, खरंच? झाला बाद? बघा! मी म्हटलं होतं! खडी कामाला आली! वर्षभर पाय सोलून निघत होते, पण झालं काम!

बाबा : हसतेस काय निर्लज्जासारखी? तीन पिढ्यांचा पाय मातीत घातलास! एवढं जपलं, एवढं वाढवलं, त्याचं हे केलंस? काढ तो दुसरा बूटही. काढ आधी! बाद पायानं त्यांना हातसुद्धा... पायसुद्धा लावायचा नाही.

मुलगी : काढला. हे घ्या दोन्ही.

कारभारी : एक मिनिट. नियमाप्रमाणे सांगतो, मग कुणी म्हणू नये सांगितलं नाही. खोली दोन माणसांच्या पायांना दिलेली आहे. एकाचे पाय बाद झाले की अर्धी खोली परत. उद्या मधोमध भिंत घालावी लागेल.

मुलगी : म्हणजे बाबांना...

बाबा : सहा पावलं. काही बिघडत नाही. वळायला मला येतं.

मुलगी : बाबा, सहा पावलांत तुम्हाला चक्कर येईल हो!

बाबा : माझी चक्कर मी बघून घेईन. तू अजून इथेच? पाय बाद झाला, आता तुझं काय काम इथे? चल, चालती हो. तिकडे आई ताटकळलीये पहाटेपासून, खिडकी धरून. तिला भांडणं करावी लागत असतील त्या खिडकीसाठी.

मुलगी : तुम्ही रागावलात.

बाबा : रागावू नको तर काय ओवाळू तुला?

मुलगी : मला वाटलं होतं, माप खरंच बदललं की मला फक्त आनंद होईल. तुमच्याकडे बघून कसंतरीच होतंय.

बाबा : म्हणून माझ्याकडे बघू नकोस. दाराकडे बघ. अकरा वाजून गेले.

मुलगी : पत्र पाठवीन. दर आठवड्याला. कुठे कुठे चालले ते सगळं लिहीन. खरं खरं.

बाबा : लिही. डोंगर असला तर डोंगर लिही. नसला तर नसू दे.

मुलगी : येते, बाबा.

बाबा : येते नाही. जाते म्हण.

मुलगी : असं म्हणतात का कुणी घरातून निघताना?

बाबा : म्हण. मला ऐकायचंय.

मुलगी : जाते.

बाबा : हं. जा. आणि धावू नकोस. धाव, धाव! उशीर झालाय.

कारभारी : गेली?

बाबा : गेली. अनवाणीच गेली. एवढे चौदा खोके पडलेत घरात आणि पोर अनवाणी गेली बघा. तिच्या मापाचं तिचं स्वतःचं असं पायात घालायला काही नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही कधी.

कारभारी : चालायला लागा तुम्ही. घंटा केव्हाची वाजतेय.

बाबा : चालतो.

कारभारी : मी वाकत नाही. पण उभ्यानं मला दिसतं.

बाबा : काय दिसलं?

कारभारी : ठोकळा जुन्या खुणेवरच थांबला होता. केसाचाही फरक नव्हता.

बाबा : नव्हता.

कारभारी : वर्षभर खडीवर चालून?

बाबा : माझ्या वडिलांचा पाय आहे तो. असा कसा खडीला दाद देईल! बिचारी वर्षभर सोलून घेत होती उगाच. तिला सांगितलं असतं तर मोडून पडली असती. इथेच बसली असती, रडत, आणि उद्यापासून चालायला लागली असती.

कारभारी : तीस वर्षांत तुमचं माप कधी चुकलं नव्हतं.

बाबा : आजही नाही चुकलं. तुम्ही वर सांगणार?

कारभारी : वर काय सांगायचं ते मला चांगलं जमतं. डोंगर सांगितले, समुद्र सांगितले. पाऊण बोट काय मोठंसं? पण माझी अडचण वेगळीच आहे. वर दोन आवाज लागतात. एक जड, एक हलका. हलका आवाज आता कुणी काढायचा? आता विचारतील, नात कुठे गेली.

बाबा : सांगा, शिकायला गेली.

कारभारी : अहो, ते तर खरंच आहे. खऱ्यानं त्यांचं समाधान होत नाही.

बाबा : उघडा तो खोका.

कारभारी : कुठला?

बाबा : तो रडायचा. उंच टाचेचा असेल ना? त्याचा आवाज बारीक येतो.

कारभारी : अहो, भलतंच काय! तुमचा पाय नऊ नंबरचा. हा पाच. अर्धासुद्धा जायचा नाही.

बाबा : बोटं गेली तरी पुरे. चवड्यावर चालतो. थोडा वेळ माझ्या बुटात, थोडा वेळ यात. कधी साहेब पुढे, कधी नात पुढे, असं वाटेल त्यांना. हात द्या जरा. नको, राहू द्या, तुम्ही वाकत नाही.

कारभारी : हा घ्या खांदा. खांदा द्यायला वाकावं लागत नाही. सांभाळून. गेला?

बाबा : गेला. करंगळी वळली आत.

कारभारी : वळलीच पाहिजे, तसाच बनवलाय तो. चाला हळूहळू. एक, दोन... येतोय बरं का आवाज. अगदी मुलीसारखा येतोय. घंटा थांबली. ऐकलंत? थांबली.

बाबा : हं.

कारभारी : अहो, डोळ्यांत पाणी आलं तुमच्या. एवढा चावत असेल तर काढा ना. काढा तो.

बाबा : सहा वर्षांची होती. पहिला जोडा. काढा म्हणून रडत होती पोर, मी काढू दिला नव्हता.